दिनविशेष : 1 जानेवारी 1966 – राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आजच्या दिवशी स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावलाला आहे. पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर. 1950 च्या दशकात शास्त्रज्ञांनी प्रशांत महासागर पिंजून काढला होता. 1952 मध्ये एनिवेटोक या प्रवाळबेटावर सुमारे 1,400 मीटर खोल छिद्र पाडले, तेव्हा तळाशी ज्वालामुखीचा खडक लागला आणि अशी बेटे खचत्या ज्वालामुखींवर वाढतात हा डार्विनचा शतकभर जुना तर्क खरा ठरला. हिंदी महासागर मात्र उपेक्षितच होता. ती उणीव आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने भरून काढली. भारताने तिच्यासाठी नौदलाची ‘किस्तना’ ही युद्धनौका दिली. त्या काळी खोल समुद्राचे तापमान मोजण्यासाठी तारेने सोडलेली, तापमापी लावलेली बाटली ठरल्या जागी उलटे. त्यासरशी तापमापीतला पारा तुटे आणि तिथले तापमान जसेच्या तसे वर येई. किती साधी, किती चोख युक्ती! या मोहिमेतूनच संस्था उभी राहिली. गोंदियाकरांना समुद्र दूरचा वाटतो, पण आपल्या वैनगंगेचे पाणी प्राणहिता-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरालाच मिळते.