किमची आणि हरिपूरची पेवे

स्वाऱ्या आणि तहनामे यांचा इतिहास लिहिणे त्या मानाने सोपे; त्यांचे कागद शिल्लक राहतात. चुलीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती मात्र बहुधा राखच लागते. तथापि ज्या गोष्टींनी माणसांचे नित्याचे जीवन घडविले, त्यांत तलवारीपेक्षा पळीचा वाटा लहान नाही. आणि कधी कधी चुलीवरचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडत असतो, हे गेल्या उन्हाळ्यात साताऱ्यास माझ्या ध्यानी आले.

बहिणीच्या घरी गेलो असता भाची कोबीची पाने मिठात मुरवीत बसलेली दिसली. कोरियन मालिका पाहून तिने किमची घालण्याचा संकल्प केला होता. तिकडचा लांबट कोबी मंडईत मिळेना, म्हणून साधा गड्डा. मासळीचा अर्क घरात चालायचा नाही, म्हणून तो वगळलेला. रंग यावा पण जाळ होऊ नये, म्हणून ब्याडगी मिरचीची पूड. तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवून तीत तिने लसूण, आले व मिरची कालविली आणि पाने बरणीत दडपली. ती झाकण आवळू लागली तोच तिच्या आजी ओसरीवरून म्हणाल्या, “अगं, घट्ट लावू नकोस. आंबायला लागलं की फसफसून वर येईल.” भाची चकित झाली. “आजी, तुम्हाला कसं ठाऊक?” आजींनी आयुष्यात एकही कोरियन मालिका पाहिली नव्हती, परंतु आंबील आणि लोणची यांच्यात त्यांची साठ वर्षे गेली होती.

दूरदर्शनच्या पडद्यावरून कोरियाचा मुदपाकखाना आपल्याकडे आला, त्यासही आता बराच काळ लोटला. ‘दे जांग गम’ ही चोपन्न भागांची मालिका कोरियात 2003-04 साली प्रसारित झाली. पुढे 2006 च्या सुमारास हिंदी रूपात ती आपल्या दूरदर्शनवरही दिसली. तिची नायिका राजवाड्यातील स्वयंपाकीण, पुढे राजवैद्या. राजा चुंगजोंग (कारकीर्द 1506 ते 1544) याच्या दरबारी इतिवृत्तांत या नावाच्या स्त्रीवैद्याचे मोजकेच उल्लेख आहेत. तेवढ्या चार ओळींवरून एवढी कथा उभी राहिली. 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी अशा मालिकांचा पूर आला आणि कृष्णाकाठच्या मुली तांदळाच्या उकडीच्या लांबट वळकट्या वळून त्या तिखट रश्श्यात शिजवू लागल्या. उकड आपल्या परिचयाची. नाव तेवढे नवे.

यावर वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला: आपले टाकून परक्यांचे का उचलावे? आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु ‘आपले’ म्हणजे काय, हे इतिहासास विचारून घ्यावे. मिरची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवे घेतले, त्यानंतर त्यांच्या गलबतांतून ती या देशी आली. ज्ञानेश्वरांच्या काळच्या कोणत्याही स्वयंपाकात मिरची असणे शक्य नव्हते. तेव्हा तिखट करावयाचे ते मिऱ्यांनी, आणि त्या मिऱ्यावरूनच मिरचीस नाव मिळाले. कोरियाची गोष्टही अशीच. ई सू-ग्वांग याच्या 1614 च्या ग्रंथात मिरची जपानकडून आल्याचा उल्लेख आहे. मिरची घातलेल्या किमचीची नोंद 1766 च्या ग्रंथात सापडते. म्हणजे ज्या राजाच्या मुदपाकखान्याची कथा पाहून आमच्या मुली लाल किमची घालतात, त्या मुदपाकखान्यात बहुधा मिरचीच नव्हती! सातारचा कांदा-लसूण मसाला आणि कोरियाची लाल किमची या एकाच परदेशी पाहुणीच्या दोन सासुरवाडी होत.

परक्या पाककृतीविषयीचे कुतूहलही आपणांस नवे नाही. तंजावरच्या भोसल्यांपैकी दुसऱ्या सरफोजीराजांच्या पदरी सिद्ध झालेल्या ‘शरभेंद्र पाकशास्त्रा’त ब्राह्मणी व मराठी पाकशाळांबरोबर इंग्रजी पाकशाळेच्याही कृती आहेत. राजाने जे हौसेने लिहवून घेतले, तेच आज साताऱ्याची मुलगी हौसेने करून पाहते. सांगलीच्या कमलाबाई ओगले यांनी 1970 साली ‘रुचिरा’ लिहून वाटी-चमच्याच्या मापाने सासूच्या हातची चव कागदावर उतरविली. पुस्तकाने जे केले, ते आता पडदा करीत आहे.

मग खंत कशाची? भाचीने मला मोठ्या उत्साहाने सांगितले, “मामा, कोरियात किमचीचे रांजण जमिनीत पुरतात. थंडीत गोठू नयेत आणि आतली ऊब सारखी राहावी म्हणून.” हे खरेच. किमची घालण्याच्या त्या सामुदायिक प्रथेस 2013 साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मी तिला विचारले, “हरिपूरची पेवे ठाऊक आहेत?” तिला ठाऊक नव्हती. कृष्णा-वारणेच्या संगमावरील त्या गावात जमिनीच्या पोटात खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे. सांगलीच्या हळदपेठेचा तो कणाच. 2005 च्या महापुराचे पाणी शिरून त्यांतली कितीएक निकामी झाली. सांगलीच्या हळदीस 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण पेव पाहिलेली माणसे विरळ होत चालली. मुलीस दोष देण्यास माझी जीभ धजेना. सांगलीत पंचवीस वर्षे इतिहास शिकवून मी स्वतः एकाही पेवात डोकावलो नव्हतो. युरोपच्या कोठारांची वर्णने मात्र मी वर्गात रंगवून सांगितली होती.

दोष किमचीचा नाही. कोरियाने आपल्या स्वयंपाकिणीची कथा केली. आम्ही आमच्या आजींना झाकणाबद्दल विचारलेसुद्धा नाही. परक्या चवीने घरातील जुने ज्ञान बुजते असे नाही. कधी कधी परकी बरणी उघडल्यामुळेच ते बोलते होते. तिसऱ्या दिवशी किमची चाखून आजी म्हणाल्या, “बरी आहे. पण मीठ आणखी चिमूटभर हवं होतं.” भाचीने ते वहीत टिपून घेतले, आणि त्याच पानावर आजींच्या सांगण्यावरून वर्षाच्या मसाल्याचे प्रमाणही. येत्या सुटीत ती सांगलीस येणार आहे. तेव्हा आम्ही दोघे हरिपूरला जाणार आहोत.