जोडा आणि डोंगर

सभेच्या दाराशी जोडे काढून आत आलेल्या मंडळींपुढे जोड्यांवरच बोलावयाचे, ह्यात थोडा औचित्यभंग आहे हे आम्ही जाणतो. पण ज्या वस्तूवर डोंगरात माणसाचा जीव अवलंबून राहिला, तिला इतिहासानेही दाराबाहेरच ठेवावे, हे काही आम्हांस पटत नाही.

२०२४ साली एव्हरेस्टच्या उत्तरेस रोंगबुक हिमनदीवर एक कातडी जोडा सापडला. आत पाय होता, पायात मोजा होता आणि मोज्यावर अर्विन हे नाव शिवलेले होते. १९२४ च्या जूनमध्ये मॅलरी व अर्विन शिखराकडे निघाले, ते परतले नाहीत. मॅलरीचा देह १९९९ साली मिळाला होता. त्याच्या पायातला जोडाही खिळ्यांचाच. त्या काळी गिर्यारोहकाचा जोडा म्हणजे जाड कातडे आणि तळाला ठोकलेल्या खिळ्यांच्या रांगा. जिनिव्हाच्या जेनेकाँ नावाच्या जवाहिऱ्याने दातेरी पोलादी खिळे काढले, ते त्याच्या ‘ट्रिकूनी’ ह्या टोपणनावानेच युरोपभर ओळखले जाऊ लागले. खिळा बर्फात रुते, शेवाळलेल्या दगडावर धरून राही. मात्र जोड्याचे वजन वाढे, आणि लोखंड ते लोखंडच; बाहेरची थंडी ते तळपायाशी आणून पोहोचवी. उभ्या कातळावर तर ह्या जोड्यांची अडचणच होई. म्हणून आल्प्समधील आरोहक कातळ लागला की खिळ्यांचे जोडे मागे ठेवून मऊ तळाचे हलके जोडे चढवीत.

ह्या सोयीची किंमत १९३५ च्या सप्टेंबरात चुकती झाली. इटलीतील पुंता राझिका ह्या शिखरावर एक तुकडी हलक्या जोड्यांनिशी चढली असता हिमवादळाने गाठले. बर्फाळलेल्या खडकावर त्या जोड्यांनी उतरता येईना. सहा जण गारठून मेले. वाचलेल्यांत मिलानचा विताले ब्रामानी होता. कातळ आणि बर्फ दोन्हींवर चालेल असा एकच तळ हवा, ह्या ध्यासाने त्याने पिरेल्ली कारखान्याच्या साह्याने रबरी तळ घडविला आणि १९३७ साली त्याचा हक्क नोंदविला. खोल खाचांमुळे त्याला नाव पडले ‘कारारमातो’, म्हणजे रणगाडा. आणि नावा-आडनावाच्या आद्याक्षरांतून झाला ‘विब्राम’. १९५४ साली के-टू शिखर प्रथम सर झाले ते ह्याच तळावर.

रबराने खिळे हद्दपार केले खरे, पण आषाढात सह्याद्रीच्या हिरव्या झालेल्या पायऱ्या उतरून पाहाव्यात. तेथे रबराचाही तोल जातो, आणि जुन्या खिळ्यांची आठवण येते.

आता जोडा पायाला सरावण्याविषयी. ‘जोडा चावतो’ असे आपण म्हणतो; जणू ते जनावरच आहे, माणसाळवावे लागणारे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कित्येक जोडे उजवा-डावा भेद न ठेवताच शिवले जात. आकार द्यावयाचा तो चालणाऱ्याच्या पायाने. पुढे भेद आला, तरी जाड कातड्याचा हट्ट राहिलाच. कोरा जोडा घालून थेट गडावर जाणारा तरुण संध्याकाळी अनवाणी परतताना आम्ही पाहिला आहे, आणि एकदा तो तरुण आम्हीच होतो. जोडा घ्यावा तो दिवस कलताना, कारण तोवर पाय किंचित सुजलेला असतो. मोजेही डोंगरातले जाड तेच घालून पाहावेत. टाच उचलू नये, पण बोटांपुढे आंगठ्याएवढी जागा राहावी. उतारावर पाय पुढे सरकतो, आणि नखे काळी पडतात ती तेव्हाच. मग काही दिवस घरात, बाजारात, जवळच्या टेकडीवर. ओला झाला तर सावलीत वाळवावा. चुलीजवळ कातडे तडकते. घट्ट जोडा थंडीत विशेष घातक, कारण दाबलेल्या पायात रक्त फिरत नाही.

थंडीने काय होते ते अन्नपूर्णेवर दिसले. ३ जून १९५० रोजी एर्झोग आणि लाशेनाल शिखरावर पोहोचले. लाशेनाल शामोनीचा वाटाड्या. पाय हेच त्याचे पोट. वर जाताना त्याला पायांचीच चिंता लागली होती. दोघांचीही पायांची सगळी बोटे कापावी लागली.

तीन वर्षांनी एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेने जोड्यांचा विचार फार आधीपासून केला होता. अतिउंचीसाठी निराळे, ऊब राखणारे जोडे बनवून घेतले होते. तरीही २९ मे १९५३ च्या पहाटे, सुमारे २७,९०० फुटांवरील शेवटच्या तंबूत, हिलरीने रात्री काढून ठेवलेले जोडे लाकडासारखे कडक झालेले आढळले. तेनसिंगने आपले जोडे रात्रभर पायांतच ठेवले होते. शिखर इतके जवळ, आणि हे दोघे दोन तास स्टोव्हवर जोडे शेकीत बसले.