लिचफिल्डची वकिलीची शाळा

अठराव्या शतकातल्या अमेरिकेत वकील व्हायचे म्हणजे एखाद्या नावाजलेल्या वकिलाकडे उमेदवारी करायची. दाव्यांच्या नकला उतरवायच्या, उरल्या वेळात ब्लॅकस्टोनचे कायद्यावरचे खंड वाचायचे. वकीलसाहेबांना फुरसत मिळाली तर दोन गोष्टी कळणार. कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी टॅपिंग रीव्ह यांनी ही रीत मोडली. ते मूळचे मास्तर. सॅली बर आणि तिचा भाऊ आरॉन हे त्यांचे विद्यार्थी. पुढे सॅलीशीच त्यांचे लग्न झाले आणि १७७४ मध्ये मेहुणा कायदा शिकायला दाखल झाला. हा आरॉन बर पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला.

घरी शिकायला येणारी मुले वाढली, सॅलीची प्रकृती तोळामासा. तेव्हा १७८४ मध्ये घराशेजारी एक खोली बांधली. इमारत म्हणायची ती एवढीच. रोज सुमारे दीड तास व्याख्यान. मुले भराभर टिपणे घेत, मग बिऱ्हाडी जाऊन ती सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवत आणि बांधून घेत. या वह्याच पुढे वकिलीचे भांडवल. शनिवारी परीक्षा, शिवाय अभिरूप न्यायालय. पदवी मात्र मिळत नसे.

रीव्ह नुसते पढिक नव्हते. १७८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये थिओडोर सेजविक यांच्यासोबत त्यांनी बेट या गुलाम स्त्रीची बाजू लढवली. राज्याची घटना सगळ्यांना जन्मतः स्वतंत्र म्हणते, मग गुलामी कशी? ज्युरीने बेटला मुक्त केले, वर ३० शिलिंग भरपाईही दिली. त्याच रीव्हांकडे १८०५ मध्ये जॉन कॅल्हून शिकायला आला, जो पुढे गुलामगिरीचा कट्टर कैवारी ठरला! गुरूने काय द्यावे आणि शिष्याने काय घ्यावे!

१७९८ मध्ये रीव्ह न्यायाधीश झाले, तेव्हा माजी विद्यार्थी जेम्स गूल्ड शिकवायला आले. दूर दक्षिणेतूनही मुले येत. एकूण अकराशेच्या आसपास शिकून गेली. पण सारा डोलारा दोघांच्या व्याख्यानांवर. मागे ना विद्यापीठ, ना कायमचा निधी. १८१७ मध्ये हार्वर्डने कायद्याची शाळा काढली, पाठोपाठ येलनेही हात घातला. विद्यापीठाचे नाव मिळत असताना गावात वह्या भरायला कोण येणार? रीव्ह १८२० मध्ये निवृत्त झाले, १८२३ मध्ये वारले. गूल्डनी आणखी काही वर्षे शाळा रेटली. १८३२ मध्ये त्यांचा दावे-जबाबांच्या मांडणीवरचा ग्रंथ छापून निघाला; १८३३ मध्ये शाळा बंद झाली.