वहीपासून संगणकापर्यंत: गटाचा हिशेब ठेवायचा कशात?



आपल्या खानदेशात गटांचे उद्योग आता घरापुरते राहिलेले नाहीत. कुठे केळीचे वेफर्स, कुठे बिबड्या-पापड, कुठे मसाले, कुठे शिवणकाम. माल वाढला की बिलं वाढतात, उधारी वाढते आणि वहीची पानं पुरेनाशी होतात. मग गट संगणक घेतो. दुकानदार विचारतो, "ताई, ऑफिस कोणतं टाकू?" या साध्या प्रश्नामागे चाळीसहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो कळला तर निवड सोपी जाते आणि पैसाही वाचतो. म्हणून आज आम्ही तोच सांगणार आहोत.

सुरुवात मात्र संगणकापासून नको, धुळ्यापासून करू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुनी कागदपत्रं गोळा केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी तिथं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. अशा जुन्या कागदांतले बरेचसे मोडी लिपीत असतात. कित्येक शतकं मराठी मुलखातला हिशेब आणि कारभार मोडीतच चालला. विसाव्या शतकात ती व्यवहारातून गेली. आज एखाद्या घरच्या ट्रंकेत जमिनीचा मोडी कागद निघाला, तर कागद धड असतो, शाईही दिसते, पण वाचायला जाणकार शोधावा लागतो. हिशेब जपून ठेवणं वेगळं आणि तो पुढे वाचता येणं वेगळं. संगणकातही नेमकं हेच घडलं.

ज्याला आपण सरसकट 'एक्सेल' म्हणतो, त्या रकान्यांच्या तक्त्याचा जन्म १९७९ सालचा. अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी 'व्हिसिकॅल्क' नावाचा प्रोग्राम तयार केला. त्याची गंमत अशी, की एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलायची. खाडाखोड नाही, पुन्हा बेरीज नाही. पुढे मायक्रोसॉफ्टचं एक्सेल आलं आणि जगभर पसरलं. आपल्याकडे १९८६ साली बेंगळुरूच्या गोएंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीतून 'टॅली' आलं आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर जाऊन बसलं.

पण हे सगळं इंग्रजीत. मराठीचं काय? पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली. तिनं आणि काही खासगी कंपन्यांनी संगणकावर देवनागरी आणली. त्या काळातल्या अनेक फाँटांत एक युक्ती होती: इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवायची. पडद्यावर 'सुनंदा' दिसायचं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असायची. त्यामुळे तालुक्याच्या दुकानात टाइप केलेला ठराव दुसऱ्या संगणकावर उघडला, आणि तिथं तो फाँट नसला, की कागदभर अर्थहीन इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसायच्या. पुन्हा त्याच दुकानात जाणं आलं. हीच आपल्या काळातली मोडी. फाइल आहे, पण वाचता येत नाही.

यावर उपाय निघाला तो युनिकोडचा. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक द्यायचा. १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २००० पासून ती नेहमीच्या संगणकावर आली. तिच्यासोबत आलेला 'मंगल' फाँट घडवला तो मराठमोळे अक्षरकार र. कृ. जोशी यांनी. आज मोबाइलवर आपण मराठीत निरोप पाठवतो आणि तो कुठंही वाचता येतो, तो युनिकोडमुळेच.

अक्षराचा प्रश्न सुटला, पण पैशाचा राहिला. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ साली स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांतून आपल्या हजारो मुली संगणक शिकल्या. त्यांची ओळख झाली ती मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसशी. ते चांगलं आहे, पण विकत घ्यावं लागतं. आधी एकदाच पैसे द्यायचे. २०११ पासून वर्षाचं भाडं भरायची पद्धतही आली. छोट्या गटाला हे जड जातं, म्हणून अनेक ठिकाणी चोरटी कॉपी टाकून दिली जाते. तिच्यासोबत व्हायरस येऊ शकतो आणि ती बेकायदाही आहे. संगणकाच्या प्रोग्रामला कॉपीराइट कायद्याचं संरक्षण १९८४ सालच्या दुरुस्तीपासून आहे.

याच काळात दुसरा एक प्रवाह वाहत होता. जर्मनीत मार्को बोरिस या शाळकरी मुलानं १९८५ साली कंपनी काढली आणि 'स्टारऑफिस' बनवलं. १९९९ मध्ये सन या अमेरिकन कंपनीनं ते विकत घेतलं, आणि पुढच्याच वर्षी त्याची सगळी अंतर्गत मांडणी जगासाठी खुली केली. त्यातून 'ओपनऑफिस' झालं. २००५ साली केंद्र सरकारनं भारतीय भाषांसाठी मोफत सीडी वाटायला सुरुवात केली, आधी तमिळ, मग हिंदी. त्यांत फाँटांबरोबर या ऑफिसची भारतीय आवृत्तीही होती. पुढे सन कंपनीच विकली गेली. नवा मालक काय करील, या काळजीनं काम करणाऱ्यांनी २०१० साली वेगळी चूल मांडली. तेच आजचं 'लिब्रऑफिस'. मालक बदलला तरी काम थांबलं नाही, कारण ते खुलं होतं. लिब्रऑफिस फुकट मिळतं, त्याचे मेनू मराठीत करता येतात आणि त्यात एक्सेलच्या फाइलीही उघडतात. मोठ्या, गुंतागुंतीच्या फाइलींची मांडणी कधी कधी हलते. गटाच्या साध्या तक्त्याला ती अडचण क्वचितच येते.

आता पुन्हा धुळ्याला येऊ. नाबार्डनं १९९२ साली ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. तेव्हापासून पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र, म्हणजे नियमित लेखे, हेच सगळ्यांत अवघड ठरलं. वही अर्धवट असली की बँक कर्जाला कचरते. म्हणून नाबार्डनं मार्च २०१५ मध्ये 'ई-शक्ती' प्रकल्प सुरू केला. त्यासाठी देशातले पहिले दोनच जिल्हे निवडले: झारखंडातलं रामगढ आणि आपलं धुळे. गटांच्या नोंदी मोबाइलमधून संगणकावर गेल्या आणि बचत-कर्जाचे आकडे सदस्यांना त्यांच्या भाषेत एसएमएसनं कळू लागले. यात मोठी गोष्ट आम्हांला ही वाटते, की हिशेब एकट्या लेखनिकेचा राहिला नाही. प्रत्येकीला तो पडताळता आला.

या सगळ्या इतिहासातून निवडीसाठी चार प्रश्न निघतात. ते बैठकीत मोठ्यानं विचारा.

पहिला, ही फाइल दुसऱ्या संगणकावर उघडेल का? नुसतं हो ऐकू नका, पेन ड्राइव्हवर नेऊन उघडून बघा.

दुसरा, मराठी युनिकोडमध्ये आहे का? ओळख सोपी आहे: तक्त्यातलं एक नाव मोबाइलवरच्या निरोपात चिकटवा. तसंच वाचता आलं, तर युनिकोड.

तिसरा, पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत तर आपले आकडे आपल्याला मिळतील का?

चौथा, चावी कोणाकडे आहे? गूगल शीट्स मोबाइलवर चालतं आणि फुकट आहे, पण ते खातं लेखनिकेच्या स्वतःच्या नावावर असेल, तर तिचं लग्न होऊन ती सासरी गेल्यावर गटाचा हिशेबही तिच्यासोबत जातो. म्हणून खातं गटाच्या नावानं उघडा. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींना माहीत हवा.

आमचं सांगणं असं: बचत, कर्ज, विक्री आणि उधारी एवढंच लिहायचं असेल, तर संगणकावर लिब्रऑफिस किंवा मोबाइलवर गूगल शीट्स पुरेसं आहे. जीएसटीची बिलं आणि गोदामातला साठा सांभाळायची वेळ आली, की टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रामवर खर्च करायला हरकत नाही. तेव्हा तो खर्च मालाच्या किमतीत धरा. लिब्रऑफिस टाकून देणारा दुकानदार पैसे मागेल, तर ती त्याची मजुरी आहे, प्रोग्रामची किंमत नाही. ते त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

आणि वही लगेच टाकू नका. निदान तीन महिने दोन्ही चालवा. महिनाअखेर वहीची बेरीज आणि संगणकाची बेरीज सगळ्यांसमोर वाचा. जुळली नाही, तर चूक सापडेपर्यंत बैठक उठवू नका. जुळली, की तक्त्याचा छापील कागद काढा, सह्या करा आणि फायलीत लावा.