माणिकगडाचा वाटाड्या

गडचांदूरला पाहुणा आला की मी त्याला माणिकगडावर नेतो. खाली सिमेंट कारखान्याच्या चिमण्या, वर जंगलात दडलेला काळ्या दगडाचा तट.

दरवाजाशी मी आधी काही सांगत नाही. "वर पाहा," एवढंच म्हणतो. कुणाला तरी दगडात कोरलेला नाग दिसतो. मग प्रश्न येतो, आणि प्रश्न आला की इतिहास सांगणं सोपं जातं. हा गड माना जमातीच्या नागवंशी राजांनी बांधला, असं परंपरा सांगते. पुढं तो चांद्याच्या गोंड राजांकडे आला. परंपरेला मी परंपराच म्हणतो, पुराव्याचा शिक्का मारत नाही.

एकदा शाळेची सहल होती. मी ऐटीत म्हणालो, "१७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला आणि गोंड संपले."

मागून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आम्ही गोंडच आहोत. संपलो कुठं?"

मुलं हसली. मला हसता आलं नाही. संपलं होतं ते राज्य, माणसं नव्हती. माझ्या एका शब्दानं ती तिच्याच गडावर परकी झाली होती. मी तिची माफी मागितली आणि उतरताना तिलाच पुढं केलं. ती झाडांची गोंडी नावं सांगत होती, मी ऐकत होतो.

मित्रहो, वाटाड्यानं वाट जरूर दाखवावी. पण "कुणाचा गड" हे सांगण्याआधी एकदा मागं वळून पाहावं. वारस ऐकत उभे असतात.