दातेरी चकतीचे जुने अवजार आणि आजीच्या हातावरचा गोल व्रण

जुने घर पाडताना, माळा आवरताना किंवा गाडी ठेवायच्या खोलीतला पत्र्याचा डबा उघडताना एखादी न ओळखू येणारी वस्तू हाती लागू शकते. धातूची बारीक दांडी आणि तिच्या टोकाला शर्टाच्या बटणाहून लहान दातेरी चकती. धानोऱ्यात किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात आजच्या तरुणांना ती दाखवली, तर कुणी घड्याळजीचे अवजार म्हणेल, कुणी शिंप्याचे. ते डॉक्टरी अवजारही असू शकते.

ओळखायचे कसे?

शिंप्याचे खुणा करायचे चाक कापडावर पुढे फिरत जाते आणि त्याचे दाते कडेला असतात. आपल्या अवजाराची चकती मात्र टाचणीच्या डोक्यासारखी दांडीवर आडवी, पक्की बसवलेली असते. मधोमध एक टोक आणि भोवती बारीक दाते, सगळे पुढच्या बाजूला. तसे असेल, तर हे देवीची लस टोचायचे अवजार, म्हणजेच रोटरी लॅन्सेट.

सोबत जुने कागद सापडले आणि त्यांवर धुळे जिल्हा लिहिलेले असले, तर गोंधळू नका. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी हा भाग धुळे जिल्ह्यात होता.

ते वापरत कसे?

हातावर लसीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती टेकवायची आणि दांडी बोटांत धरून फिरवायची. कातडी खरवडली जाई आणि लस आत उतरे. बाळ कळवळून रडे. पुढे तिथे फोड येई, खपली धरे आणि कायमचा व्रण राही. आजी-आजोबांच्या हातावर दिसणारे मोठे, गोल, खोलगट व्रण हे त्याचेच. डाव्या दंडावरचा लहानसा एकच व्रण बहुधा बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचा असतो.

एवढा त्रास लोकांनी सोसला, कारण देवीचा रोग त्याहून भयंकर होता. त्याच्या तीव्र प्रकारात दहांपैकी सुमारे तीन रुग्ण दगावत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर वण राहत, काहींची दृष्टी जाई.

मुंबईपासून सुरुवात

भारतात ही लस पहिल्यांदा यशस्वीपणे दिली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा एका मुलाच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या हातावर टोचून लस पुढे नेत. १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि लस टोचणारे गावोगाव फिरू लागले. लोक त्यांना 'देवी डॉक्टर' म्हणत.

१९६० च्या दशकात बेंजामिन रुबिन यांनी दोन टोकांची साधी सुई तयार केली. तिच्या दोन टोकांमध्ये लसीचा थेंब अडकून राही. पहिल्या पद्धतीपेक्षा सुमारे चौथाई लस पुरे, जखम लहान होई आणि सुई उकळून पुन्हा वापरता येई. ती चालवायला थोड्या वेळात शिकता येई. पुढे भारतातही हीच सुई आली आणि दातेरी चकती मागे पडली.

नुसत्या सुईने रोग गेला नाही. उष्णतेत टिकणारी कोरडी लस, रुग्णांचा घरोघर शोध आणि रुग्णाच्या आसपासच्या सगळ्यांना लस, या साऱ्याचा तो परिणाम होता. भारतातले शेवटचे रुग्ण मे १९७५ मध्ये आढळले. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

सापडले तर काय करावे?

- मुलांच्या हाती देऊ नका. ते अजूनही टोकदार असते.
- टोचलेच, तर जखम साबण-पाण्याने नीट धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात, त्यामुळे अवजारावर गंज नसला तरी धोका असतो.
- देवीची भीती बाळगू नका. या लसीत देवीचा विषाणू नव्हता, त्याचा सौम्य भाऊबंद होता.
- भंगारात देण्याआधी घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दाखवा. आपल्याला देवी टोचली तो दिवस त्यांना आठवत असेल, तर लिहून ठेवा. ते सांगू शकणारी माणसे आता कमी होत चालली आहेत.