मोहसलापासून मागणी बिलापर्यंत : थकलेल्या पट्टीची गोष्ट

मंडळी, मार्च महिना लागला की भोंगवली असो, नाहीतर भोर तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव असो, एक शब्द हमखास कानावर येतो : वसुली. घरपट्टी, पाणीपट्टी थकली की ग्रामपंचायतीचा शिपाई दारात येतो. थकबाकीदार म्हणतो, "आता काय भांडी उचलून नेता काय?" हा प्रश्न जुना आहे. त्याचा इतिहास आज पाहू.

पेशवाईत बाकी राहिली की दारात 'मोहसल' बसवीत. मोहसल म्हणजे वसुलीसाठी पाठवलेला शिपाई किंवा स्वार. पैसे मिळेपर्यंत तो हलायचा नाही, आणि त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च बाकीदारानंच सोसायचा. वर 'मसाला' वेगळा; म्हणजे सरकारी माणूस पाठवल्याबद्दलची फी. बाकी होती तिथंच, बोजा मात्र वाढलेला! सावकारही याच वाटेनं जात. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टननं या 'तगाद्या'चं वर्णन केलं आहे : माणसावर पहारा बसवणं, त्याला जेवू न देणं, डोक्यावर दगड देऊन भर उन्हात एका पायावर उभं करणं. इथं वसुली मालमत्तेवर नव्हती, माणसाच्या देहावर आणि अब्रूवर होती.

इंग्रजी अमलात हे लगेच थांबलं असं समजू नका. आपल्याच जिल्ह्यात इंदापूरकडे प्रिंगलची आकारणी इतकी जड झाली की लोक जमिनी टाकून निघून गेले. शेवटी १८३६ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड यांना नवी, हलकी आकारणी करावी लागली. पुढं १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानं वसुलीचे मार्ग लिहून ठेवले : मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, स्थावराचा लिलाव आणि अटकसुद्धा. कायदा कडकच होता. १९२८ ला बार्डोलीत शेतकऱ्यांच्या म्हशी जप्त झाल्या त्या कायद्याच्याच नावानं.

भोर संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. मग १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला. त्याच्या कलम १२९ मध्ये पायऱ्या आहेत : आधी बिल, मग मागणीची नोटीस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री. तेवढ्यानंही भागलं नाही तर प्रकरण महसूल खात्याकडं जातं. पण तिथंही दिवाणी कायद्यानं वाचवलेल्या वस्तूंना हात लावता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याची अवजारं, कारागिराची हत्यारं या त्या वस्तू. तेव्हा "भांडी नेता काय?" याचं उत्तर कायद्यानं देऊन ठेवलंय : नाही.

आणखी एक गंमत बघा. बिल रीतसर मिळाल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही, तर कलम १४ प्रमाणं पंचायतीच्या सदस्याचंच पद जाऊ शकतं. मोहसल बसवणाऱ्या कमाविसदाराला असला धाक कधी नव्हता.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. पट्टी भरा, नळाचं पाणी आणि गल्लीतला दिवा त्याच पैशांवर चालतो. आणि अडचण असेल तर लपू नका. बिल मागा, त्यावरची तारीख बघा, भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. माणसाच्या आधी कागद दारात यावा, एवढ्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी फार सोसलं आहे. तो कागद वाचल्याशिवाय टाकून देऊ नका.